जापार नावाचं कुत्रं

जापारला कुत्र्यांतलं कळतं, हे नारिन नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या गावात सगळे मान्य करायचे. न करून करतात काय! चाळीस वर्षं सरकारी मेंढ्या राखलेला माणूस. दुसऱ्याचं कुत्रं दिसलं की आधी त्याच्या पायांकडे बघायचा, मग मालकाच्या तोंडाकडे, आणि मग बाजूला थुंकायचा. शिक्षकाचा कुत्रा म्हणे चहात बुडवलेल्या पावावर वाढलेला. दुकानदाराचा तर मेंढीलासुद्धा वाट करून देणारा. रेक्स आणि जॅक असली नावं ठेवणाऱ्या घरी तो चहालाही बसत नसे.

"खिंडीपलीकडे जातो तो कुत्रा," तो म्हणायचा. "अलीकडे भुंकतात ती नुसती तोंडं."

त्याचा स्वतःचा मात्र ताइगान. उंच, लांब पायांचा शिकारी कुत्रा, कानांवर रेशमासारखे केस. नाव ठेवलं होतं कुमायिक, म्हणजे जुन्या गोष्टीत गिधाडाच्या अंड्यातून निघालेल्या त्या कुत्र्याचं, ज्याच्यापुढे कुठलंही जनावर टिकत नसे. थंडीत या कुमायिकाला जापारच्या जुन्या कोटातून शिवलेली झूल. त्याची बायको बुरुल म्हणायची, मी सहा वेळा बाळंत झाले, मला एवढं पांघरूण कधी मिळालं नाही. जापार झुलीची गाठ आवळायचा. बायकांना कुत्र्यांतलं काय कळतं, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं असायचं.

खालच्या घरात राहायचा एशिम. दोघं एकाच वर्षी जन्मलेले, म्हणजे कुर्दाश. कुर्दाशाने कुर्दाशाला काहीही बोलावं, आणि ऐकणाऱ्याने राग गिळून हसावं, अशी रीतच आहे. एशिम दिसायला देखणा, पांढऱ्या मिशा विंचरलेल्या. लग्नाकार्यात भाषणं करायला सगळ्यांत पुढे. लोकर कातरायचा दिवस उजाडला की मात्र याची पाठ धरायची. जापार त्याला बिनशेंगांचा वेल म्हणायचा, आणि तेही त्याच्या सुनेसमोर.

दोन वर्षांपूर्वी गिरणीपाशी कुणीतरी टाकलेलं एक काळं पिल्लू एशिमने उचलून आणलं. आखूड पाय, एक कान उभा, एक पडलेला. जापारने ते पाहिलं आणि म्हणाला, याला ससा बघून घाम फुटेल. एशिमने शांतपणे चहाचा घोट घेतला.

"याचं नाव जापार," तो म्हणाला. "पाय तुझ्यासारखे आखूड, आवाज तुझ्यासारखा मोठा, आणि अक्कल अजून यायची आहे."

सगळी बैठक हसून लोळली. जापारही हसला, रीतच ती. घरी गेल्यावर मात्र तो जेवला नाही. तेव्हापासून रोज सकाळी एशिम दारात उभा राहून अख्ख्या गावाला ऐकू जाईल असा ओरडायचा, जापार, उकिरड्यावरून निघ! आणि वरच्या घरात जापार दातओठ खात चहा ढवळायचा. त्या कुत्र्याला तो 'ते' म्हणायचा. नाव म्हणून कधी घेतलं नाही.

नाव न घेणारं आणखी एक माणूस होतं, एशिमची सून नुरझात. नवऱ्याकडच्या वडीलधाऱ्यांचं नाव सुनेने तोंडातून काढायचं नाही. सासऱ्याचं नाही, त्याच्या कुर्दाशाचंही नाही. मग ती बापडी "ए काळ्या, ए काळ्या" करायची, आणि कुत्रं कानसुद्धा हलवायचं नाही.

शेवटी जापारने एका बैठकीत विषय काढला. नाव परत घे, म्हणाला. एशिम म्हणाला, घेतो की! तुझा कुमायिक लांडग्यामागे खिंडीपलीकडे जाऊ दे आणि माझं कुत्रं अलीकडे राहू दे, त्या दिवशी घेतो. उलटं झालं तर नाव मरेपर्यंत. जापारने लगेच हात पुढे केला. याहून सोपं काम त्याला आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं.

पहिला बर्फ पडला त्या आठवड्यात भर दुपारी एशिमच्या मेंढ्यांजवळ एक लांडगी आली. एकटीच, जरा लंगडत. एशिम आणि नुरझात उतारावर मेंढ्या आवरत होते. जापार कुमायिकाची झूल काढत धावतच वर आला. दोन्ही कुत्री सुटली.

कुमायिक पळाला मात्र देखणा. खिंडीच्या तोंडाशी त्याने लांडगीला गाठलं. तिने वळून दात दाखवले. कुमायिक थांबला, एका दगडावर तंगडी वर केली, आणि शेपूट घालून परत फिरला. धापा टाकणारं काळं कुत्रं त्याच्या शेजारून गेलं आणि खिंडीत दिसेनासं झालं.

जापारने एशिमचा दंड धरला. दिवसाढवळ्या लंगडणारी एकटी लांडगी म्हणजे आमिष. बाकीचे पलीकडे दबा धरून बसलेले असतात, हे मेंढ्या राखलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

"परत बोलाव त्याला, एशिम! फाडतील!"

एशिमने तोंड उघडलं. भाच्याच्या लग्नात तीन दिवस भाषणं ठोकून त्याचा घसा बसला होता. नुसती फुसफुस बाहेर आली. नुरझात जिवाच्या आकांताने ए काळ्या, ए काळ्या करत होती. मग तिने नाव घ्यायला ओठ उघडले, जापारकडे पाहिलं, आणि डोक्याच्या रुमालाचं टोक तोंडात कोंबलं. गाव खाली ओढ्यापाशी जमलेलं. तिथून हाक पोचणार नव्हती.

मरू दे, असं जापारच्या मनात आलंच. ते मेलं की नावही मेलं, दोन वर्षांची कटकट सुटली. तो तसाच उभा राहिला. पण ते कुत्रं खिंडीपलीकडे गेलं होतं! त्याने छाती भरून घेतली आणि समोरच्या डोंगरावरच्या मेंढ्या वळवायच्या आवाजात ओरडला.

"जापार! अरे जापार, मागे फीर!"

तीनदा, चारदा. डोंगराने नाव परत फेकलं. खाली सगळ्या गावाने ऐकलं, म्हातारा स्वतःच्याच नावाने गळा काढतोय.

बऱ्याच वेळाने कुत्रं आलं. उभा कान अर्धा गेलेला, मागचा पाय ओढत. एशिमच्या मिशा थरथरत होत्या. नाव बदलतो, आत्ता बदलतो, असं तो कसंबसं फुसफुसला.

"खबरदार," जापार म्हणाला. "ज्या नावाने ते परत आलं, तेच राहील. बदलायचं ते माझ्या कुत्र्याचं."

झूल घालून घ्यायला येऊन उभ्या राहिलेल्या आपल्या ताइगानाच्या त्याने आधी पायांकडे, मग तोंडाकडे पाहिलं, आणि बाजूला थुंकला.

"दिसायला देखणा, पळायला सगळ्यांच्या पुढे, आणि दात दिसले की घरी. याचं नाव आजपासून एशिम."

कुर्दाशच तो. एशिमला हसावं लागलं. आवाज नव्हता, नुसते खांदे हलले.

आता सकाळी दोन्ही दारांतून दोन म्हातारे एकमेकांच्या नावाने ओरडतात. नुरझात पातेलं घेऊन मध्ये उभी असते. दोन्ही कुत्र्यांना नुसतं "ए" म्हणते, आणि एकही येत नाही.