वारा नसलेल्या दिवसाचे छर्रे

डॉक्टरांच्या पुढे एकसारख्या दहा वस्तू ठेवल्या की त्यांतल्या नऊ ते नालायक ठरवत. इथे जपानात, ओजिमातल्या माझ्या भाजीच्या दुकानात पहिल्यांदा आले तेव्हा पाव किलो भेंडीसाठी त्यांनी अख्खी टोपली उपसली. एकेक भेंडी काचेच्या काउंटरवर आडवी ठेवून घरंगळवत बसले. मी म्हणालो, "काका, भाजी करणार आहात की हिचं लग्न जमवताय?" मान वर न करता उत्तर आलं, "वाकडी आहे. डावीकडे जाते." असली गिऱ्हाइकं मी दारातूनच परत पाठवतो. ह्यांना का पाठवलं नाही, ह्याचा मला आजही राग येतो.

डॉक्टर म्हणजे धातुशास्त्रातले. एका संशोधन संस्थेत कराराची नोकरी, राहायला ग्योतोकुला, बायको पुण्यात. छंद एकच, एअर रायफलची बेंचरेस्ट नेमबाजी. त्यात रायफल टेबलावर वाळूच्या पिशव्यांवर ठेवलेली असते, माणसाने फक्त चाप ओढायचा. मी हसलो होतो. "बंदूक पिशवीवर, तुम्ही खुर्चीवर, मग कौशल्य कुठे?" ते म्हणाले, "छऱ्यात." आणि मला नादाला लावलं. परवान्यासाठी पोलिसांनी माझी, बायकोची, शेजाऱ्यांची चौकशी केली. एवढी चौकशी मला मुलगी देताना सासऱ्यानेही केली नव्हती.

रविवारी माझ्या व्हॅनमधून आम्ही चिबाच्या डोंगरातल्या रेंजवर जायचो. तो प्रवास म्हणजे शिक्षा. डॉक्टर एक पिवळा स्वेटर घालत आणि स्पर्धांचा मोसम संपेपर्यंत तो धूत नसत. का, तर धुतल्यावर लोकर बदलते आणि खांद्याला रायफल वेगळी टेकते. थंडीतही मी काचा उघड्या ठेवून गाडी चालवायचो. त्याहून वाईट त्यांचे हात. छर्रे तेलात चोळून काळी झालेली बोटं तशीच डब्यात घालून ते ठेपला मोडत आणि अर्धा माझ्यापुढे करत. मी इथे आल्यावर बाइतो, म्हणजे अर्धवेळ काम, म्हणून इझाकायात, इथल्या दारूच्या खाणावळीत, भांडी घासली आहेत, स्वच्छता म्हणजे काय ते मला शिकवायला नको. "डॉक्टर, हात धुवा! शिसं आहे ते!" मी ओरडायचो. "शिशाचं मला सांगतोस, शेठ?" एवढं म्हणून बोट चाटायचे.

पण छऱ्याबद्दल बोलायला लागले की ऐकत राहावं. छर्रा दिसतो डमरूसारखा. पुढे डोकं, मध्ये कंबर, मागे पोकळ घेर. त्या घेराला ते घागरा म्हणत. "मागून हवा आली की घागरा फुलतो आणि नळीला घट्ट बसतो. घागरा एका बाजूला जाड असला की छर्रा उडताना डुलतो, आणि डुलणाऱ्याला वारा पकडतो." म्हणून ते प्रत्येक छर्रा वजन करून, डोकं मोजून, काचेवर घरंगळवून निवडत. भेंडीचं कोडं मला तेव्हा उलगडलं.

एका जुन्या साच्यातून निघालेले छर्रे आता बनत नाहीत आणि एक म्हातारा दुकानदार त्यांचे शेवटचे डबे घेऊन बसलाय, असं त्यांना कळलं. त्याला ते विकायचेच नव्हते. जपानात घासाघीस करत नाहीत म्हणतात. मी केली. चहा प्यालो, वाकलो, उठून गेलो, परत आलो. डबे आणले. डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे बहुतेक नालायक ठरवले आणि उरलेले हिऱ्यासारखे एका ओकच्या पेटीत रचले. व्हिस्कीची भेट आली होती, तिची पेटी. मी म्हणालो, "असू देत की डब्यातच." "ह्यांना? टिनात?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी नवरी पोत्यात भरायला सांगतोय. "हे वारा नसलेल्या दिवसासाठी."

तो दिवस काही येईना. प्रत्येक रविवारी रेंजवरची झेंडी हलायची आणि पेटी बंदच राहायची. अखेर डॉक्टरांचा करार संपला, परतीचं तिकीट निघालं. शेवटची स्पर्धा जोडीची होती, दोघांचे गुण एकत्र धरायचे. क्लबात मला "भाजीवाले-सान" म्हणणाऱ्यांच्या नाकावर टिच्चून तो चषक मला दुकानात ठेवायचा होता. आणि त्या सकाळी झेंड्या मेल्यासारख्या लोंबत होत्या. मी नेम मारून मोकळा झालो, आयुष्यातले सगळ्यात चांगले गुण. शेजारच्या बेंचवर डॉक्टर बसले. पेटी किलकिली केली, आत बघितलं, झाकण लावलं. आणि नेहमीचा डबा काढला.

आम्ही एका गुणाने हरलो.

"का?" मी सगळ्यांदेखत विचारलं. ते रायफल पुसत म्हणाले, "चांगल्या छऱ्यांनी हरलो असतो, तर दोष कोणाला दिला असता, शेठ?" माझं डोकं फिरलं. मराठीत कोणाला कळत नव्हतं म्हणून आवाज आणखी चढवला. "तुम्ही भित्रे आहात, डॉक्टर! आयुष्यभर निवडत बसलात, वापरलंत काय?" ते रायफल पुसत राहिले. परतताना व्हॅनमध्ये त्या स्वेटरचा वास आणि मी.

विमानतळावर मी गेलो नाही. जायच्या आदल्या दिवशी ते दुकानात पेटी ठेवून गेले. माझ्या बायकोला म्हणाले, "त्याला सांग, वारा नसेल तेव्हा उघड." मी ती तांदळाच्या पोत्यांमागे ढकलली.

गेल्या रविवारी झेंड्या पुन्हा लोंबल्या. मी पेटी उघडली. आतले छर्रे पांढरे पडले होते, भिंतीला पोपडे धरतात तसे. एक चिमटीत धरला तर घागऱ्याचा भुगा झाला. थोड्या वेळाने बाहेर पायरीवर बसून मी पुण्याला फोन लावला.

"डॉक्टर, पेटी उघडली."

पंख्याच्या आवाजातून ते म्हणाले, "ओक. आंबट वाफ सोडतं. शिसं खातं. पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवायचो मी हे."

"तुम्हाला त्या दिवशीच दिसलं होतं."

"हो."

"मग बोलला का नाहीत? भित्रा म्हणालो मी तुम्हाला, सगळ्यांसमोर!"

"भित्रा चालतं, शेठ. शिसं ओकमध्ये ठेवणारा धातुशास्त्रज्ञ नाही चालत."

म्हणजे माझ्या घासाघिशीचं, माझ्या चषकाचं ह्या माणसाने पीठ केलं होतं, आणि वर तोरा! तोंडात आलेल्या सगळ्या शिव्या मी एका दमात घालणार होतो. तेवढ्यात त्यांनीच घाईने विचारलं, "आणि हात धुतलेस ना? ते पांढरं फार वाईट असतं. साबण लाव, नखांतून काढ. शेठ? धुतलेस ना?"

मी दुसऱ्या हातातल्या ओनिगिरीकडे, त्या भाताच्या गोळ्याकडे बघितलं. अर्धा खाऊन झाला होता.