बिनदात्याचं यंत्र

पुंजाजी चहा बशीत ओतायचा आणि तो निवेपर्यंत बोलायचा नाही. काढलेला स्क्रू ओठांत धरायचा. खिशात पेनाऐवजी दात घासायचा जुना ब्रश ठेवायचा, यंत्रं झाडायला. कुठल्याही कचेरीत शिरला की साहेबाच्या आधी टेबलावरच्या यंत्राकडे बघायचा.

वऱ्हाडातल्या मालेगावच्या बसस्टँडजवळ घराच्या पुढच्या खोलीत तो हँडल फिरवायची गणकयंत्रं दुरुस्त करी. वाशीमपासून शिरपूरपर्यंतच्या बँका, सोसायट्या, सगळ्यांची यंत्रं त्याच्याकडे येत. त्याचे हात तेलाचे असत, म्हणून बी.ए. होऊन रिकामा बसलेला इंद्रभान रोज त्याला पेपर वाचून दाखवी.

पुंजाजीनं सगळी शिल्लक ती यंत्रं बनवणाऱ्या कंपनीच्या शेअरमध्ये घातली होती. लेक गंगू मॅट्रिक झाली की तिला अकोल्याच्या कॉलेजात पाठवायचं होतं. कंपनी त्यानं स्वतःच निवडली होती.

"पंधरा वर्सं झाली, हिच्या चाकाचा एक दाता तुटलेला नाही पाह्यला. अशी कंपनी बुडन कशी?"

पंच्याहत्तरच्या मार्चमध्ये बातमी आली. कंपनी दिवाळीत विजेवरचं नवं यंत्र काढणार होती. भाव चढला. इंद्रभान म्हणाला, "भाऊ, आत्ताच विकून टाका."

"काहून? नवी म्हैस येऊन राह्यली अन् तू गोठा विकतं का? कविता वाच तू."

"त्या पोराचं आयका जरा," त्याची बायको विमलबाई आतून म्हणाली.

"त्याले सोताची नोकरी भेटून नाही राह्यली, अन् मले धंदा शिकवते!"

तिघंही हसले.

मग कचेऱ्यांनी जुन्या यंत्रांच्या ऑर्डरी थांबवल्या. नवं येणारच आहे, तर जुनं कशाला? बिघडलेलं यंत्रही कुणी पुंजाजीकडे पाठवेना. दिवाळी गेली. नवं यंत्र आलं नाही. भाव उतरला, आणखी उतरला. इंद्रभान पेपरातला तो कोपरा हळू आवाजात वाचू लागला. मग वाचेनासा झाला. पुंजाजीनंही विचारलं नाही.

पुढच्या जूनमध्ये एका बँकेत विजेवरचं यंत्र आलं, दुसऱ्याच कंपनीचं. पुंजाजी इंद्रभानला घेऊन बघायला गेला. मॅनेजरनं उघडू दिलं. आत एक हिरवी पाटी आणि बारीक तारा होत्या. पुंजाजीनं ब्रश काढला. कुठं फिरवावा ते त्याला कळेना.

"याच्यात दाताच नाही गा," तो म्हणाला.

पाचव्या दिवशी इंद्रभान पेपर घेऊन आला तेव्हा पुंजाजी टेबलावर डोकं टेकून बसला होता. डुलकी लागली असेल, असं त्याला वाटलं. त्यानं पहिल्या पानावरचे दोन मथळे मोठ्यानं वाचले. तिसऱ्याला थांबला. खांद्याला हात लावला. खांदा गार होता.

कोपराखाली गंगूच्या कॉलेजचा अर्ज होता. त्याची मुदत त्याच दिवशी संपत होती. गंगूचं नाव भरलेलं होतं, पालकाचंही. 'पालकाचा व्यवसाय' यापुढे 'यंत्र' एवढंच लिहिलं होतं. खालचे सगळे रकाने कोरे होते.