स्टोअरमधली एबीसीडी

सातपूरच्या आमच्या प्लेटिंग कारखान्यात अ‍ॅसिडचा कॅन सायनाइडशेजारी ठेवायला मी लावला होता. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, घरीसुद्धा नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. क्वालिटी सर्टिफिकेटचं ऑडिट तोंडावर आलेलं. मी केमिस्ट, वय सत्तावीस, अक्कल बेताची. केमिकल स्टोअर अठरा वर्षं दगूभाऊंकडे. घोटीचे, सातवी पास. त्यांची मांडणी अशी: अ‍ॅसिडं दाराजवळ, उलट स्वभावाचा कॉस्टिक सोडा खिडकीखाली, सायनाइड आतल्या जाळीच्या खोलीत, एकटं.

मी म्हटलं, "दगूभाऊ, ऑडिटरला माल पटकन सापडला पाहिजे. सगळं एबीसीडीप्रमाणे लावा."

"साहेब, कोण कुणाचा वैरी हाय, ते एबीसीडीला काय ठाव? लग्नाच्या पंगतीत भांडलेले भाऊ शेजारी बसवता का तुम्ही?"

"इथं लग्न नाही, ऑडिट आहे."

"मंग बसवतो. वाढायला तुम्ही या."

एम.एस्सी.ला मी आवर्तसारणी तोंडपाठ केली होती. तिच्यात मूलद्रव्यं नावाप्रमाणे नाही, स्वभावाप्रमाणे लावलेली असतात. तेवढं पेपरात लिहून मी मोकळा झालो होतो. सोडियम सायनाइड आणि सल्फ्युरिक अ‍ॅसिड, दोन्ही एस. आले शेजारी. हे दोघं भेटले की जो गॅस निघतो, तो बोंब मारायलाही वेळ देत नाही.

ऑडिटर खूश. आठवड्याने अ‍ॅसिडचा कॅन पाझरला. ओघळ सायनाइडच्या ड्रमकडे निघालेला दगूभाऊंनी पाहिला. पोचायच्या आत ड्रम ओढून बाहेर काढला. कुणाला काही झालं नाही.

मॅनेजरसाहेब कडाडले, "हे दोन शेजारी कुणी ठेवले?"

दगूभाऊ माझ्याकडे बघत राहिले. मी लेबलं वाचू लागलो, जणू पहिल्यांदाच बघतोय.

"स्टोअर दगूभाऊंकडे आहे, सर," मी म्हणालो.

वाक्य खरं होतं. म्हणून तर उपयोगी पडलं.

दगूभाऊंना पॅकिंगला टाकलं, रिटायर होईपर्यंत. सुरक्षित मांडणीचा तक्ता करायचं काम माझ्याकडे आलं. मी दगूभाऊंची जुनी मांडणी जशीच्या तशी उतरवली, वर 'कम्पॅटिबिलिटी चार्ट' लिहिलं, खाली सही ठोकली. चार्टला फ्रेम मिळाली, मला बढती.

जाता-येता दगूभाऊ एवढंच म्हणायचे, "चार्ट झकास झालाय, साहेब. अक्षर लय सुरेख."

धडा साधा आहे. वर्गवारी करताना नावापेक्षा वागणूक बघावी. कारखान्यात माझं नाव फार चांगलं होतं.

दगूभाऊ घोटीलाच असतात. बसने तासाभराचा रस्ता. 'ते मी लावायला सांगितलं होतं', हे एक वाक्य त्यांच्या घरच्यांसमोर, त्यांच्या देखत बोलणं मी अजून त्यांना देणं लागतो.