सव्वीस मिनिटांचा आवाज
डांबरगोळ्यांचा वास आला की केडगावचं ते कॉम्प्युटर-दुरुस्तीचं दुकान आठवतं. वडिलांच्या श्राद्धाच्या आदल्या दिवशी मी, आई आणि दुरुस्तीवाला, असे तिघं तिथे होतो. पेनड्राइव्हमध्ये वडिलांच्या आवाजाची सव्वीस मिनिटं होती. ती मी अकरा वर्षं कपाटात, डांबरगोळ्यांमध्ये, कुलपाआड जपली होती. आता पेनड्राइव्ह उघडत नव्हता. "आतला चार्ज गळाला, काका," दुरुस्तीवाला म्हणाला. "त्या चार्जवरच सगळं लिहिलेलं असतं. बिनविजेचं टिकतं, पन इतकी वर्षं न्हाई. मधी कधी लावला न्हाई व्हय?" मी म्हणालो, "सारखं ऐकून झिजेल, म्हणून नाही." "झिजायला ती कॅसेट हाय का?" आई हळूच म्हणाली, "एकदा ऐकव म्हनून दर दिवाळीला मागं लागायची रं मी." तपासणीचे दोनशे रुपये मी दुरुस्तीवाल्याला दिले. आईला काय द्यावं, ते मला अजून कळलेलं नाही.