पानं जपणारी माणसं

पनवेलच्या एसटी स्टँडपासून जरा पुढे माझी छोटी नर्सरी आहे. घरात ठेवायची शोभेची पानंच जास्त. झाडं विकून मोकळी होते, पण गिऱ्हाइकांचे किस्से दुकानातच राहतात. आता इतके साठलेत की कुणाला तरी सांगितल्याशिवाय जागा होणार नाही!

*

एका काकूंकडे रबर प्लांट आहे. न्हावा शेवा बंदराला जाणारे ट्रेलर घरासमोरूनच जातात, त्यामुळे पानांवर कायम धूळ. काकूंनी काय करावं? रोज सकाळी पानापानाला खोबरेल! दुपारपर्यंत अख्ख्या रस्त्याची धूळ त्यावर चिकटलेली.

"अहो, नुसतं ओल्या फडक्यानं पुसायचं."

"पुसते की! पण तेल लावल्याशिवाय मी मुलींनासुद्धा कधी शाळेत पाठवलं नाही."

*

बँकेतून रिटायर झालेले एक काका कुजलेला स्नेक प्लांट घेऊन आले.

"पाणी किती घालता?"

"थोडंसंच. आंघोळ झाली की मी घालतो, पूजा झाली की ही घालते."

"रोज? दोघंही? एकमेकांना सांगत नाही?"

काका कुंडीकडे बघत म्हणाले, "सध्या बोलत नाही आम्ही."

नवीन झाड देताना बजावलं, आधी एकमेकांना विचारायचं, मगच पाणी. पुढच्या महिन्यात दोघं जोडीनं आले. झाड मस्त होतं, आणि दोघं एकदमच बोलत होते!

*

खारघरच्या आयटीतल्या मुलीचा रात्री घाबराघुबरा फोन. "ताई, माझ्या कॅलेथियानं सगळी पानं मिटून घेतली! गेलं का हो?"

"अगं, झोपलंय ते. सकाळी उघडेल."

तेव्हापासून ती संध्याकाळी त्या खोलीतला टीव्ही बंद ठेवते.

*

ओवे गावच्या हिराआजी मात्र माझ्या सगळ्यात लाडक्या. त्यांच्या जुन्या घराच्या ओटीवर मनीप्लांटचा भला मोठा वेल होता. मनीप्लांट चोरलेलाच लागतो, हे आपल्याकडे सगळ्यांना पक्कं ठाऊक! त्यामुळे आळीतल्या बायका तिथूनच फांदी चोरायच्या. कुणी आलं की आजी मुद्दाम पाठ करून तांदूळ निवडत बसायच्या. पुढे घर पाडून बिल्डिंग झाली. आजींना वरच्या मजल्यावर फ्लॅट मिळाला, वेल मात्र गेला.

परवा त्या दुकानात आल्या. मी मनीप्लांटची कुंडी पुढे केली.

"इकतचा नको गो. इकतचा लागत नाय."

"मग चोरा की, आजी!"

"जल्मात कोनाचं पान उचललं नाय मी." त्या स्टुलावर बसल्या. "वरती सगली दारं बंद. माज्या दारावर कोनी येत नाय बग. वेल होता तवा चोरायला तरी यायच्या."

मी कात्री कुंडीशेजारी ठेवली आणि रस्त्याकडे तोंड करून उभी राहिले. मग कात्री उचलल्याचा आवाज आला. मी वळणार, तोच मागून दटावणी आली.

"थांब, आजून बगू नको! जरा लांब तोडते. शेजारनीला चोराया नको काय?"