आईच्या पोतीतलं मेडल

मी अकरावीत असताना डाईंग हाऊसमधल्या उकळत्या पाण्याने वडिलांचा उजवा हात भाजला. सुरतेजवळ, पलसाण्याच्या रस्त्यावरचा तो कारखाना. कापड रंगवायच्या जेट मशीनचं झाकण वेळेआधी उघडलं गेलं. कोणी उघडलं, हे शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही. शेठने मलमपट्टी करून दिली, आठवडाभर गोड बोलला आणि मग गेटवरच्या वॉचमनला सांगून ठेवलं की या माणसाला आत घेऊ नको. हात वरून बरा झाला, पण बोटं मिटेनात. वडील दिवसभर खाटेवर बसून ती बोटं डाव्या हाताने एकेक करून दुमडायचे आणि ती एकेक करून पुन्हा ताठ व्हायची.

आम्ही राहायचो ती चाळीतली रूम थोरल्या काकांची. पर्वत पाटियाच्या मागे, खाडीच्या अंगाला. काका लूमच्या कारखान्यात मुकादम होते. आमचं गाव धुळ्याकडचं, आणि गावातली निम्मी माणसं काकांनीच सुरतेत आणली होती. हे मी म्हणत नाही, ते स्वतःच प्रत्येकाला ऐकवायचे, जेवताना तर हमखास. वडिलांचा हात गेल्यापासून काका आमच्या घरात पाहुण्यासारखे येत नव्हते, मालकासारखे यायचे. पिठाचा डबा उघडून बघायचे. मी अभ्यासाला बसलेली दिसले की दिवा मालवायचे, भर दुपारी. "उजेड शे ना बाहेर."

आई मार्केटच्या साड्यांचे धागे कापायची. भरतकाम झालेल्या साडीच्या उलट्या बाजूला सुटलेले धागे असतात, ते छोट्या कटरने एकेक छाटायचे. गठ्ठा सकाळी यायचा, संध्याकाळी जायचा. तेवढ्याने भागेना, म्हणून तिने दोन गल्ल्या पलीकडच्या एका शिवणवालीकडून साड्यांना फॉल लावायचं काम आणायला सुरुवात केली. ही बाई ख्रिस्ती होती, वसईकडची. नवरा रेल्वेत होता, तो वारल्यावर ती इथेच राहिली. आम्ही तिला मावशी म्हणायचो. चाळीतल्या बाकीच्या बायका तिला 'किरिस्तावीण' म्हणायच्या आणि ब्लाऊज मात्र तिच्याकडेच शिवायच्या, कारण तिची बाही कधी काखेत ओढत नसे.

मावशीकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात छोटी छोटी लंबगोल मेडलं. अंगठ्याच्या नखाएवढी, पांढऱ्या धातूची, प्रत्येकावर एकेका संताचं चित्र उठवलेलं. गावाकडच्या जत्रेतून ती आणायची आणि पाद्रीबाबांकडून आशीर्वाद देववून घ्यायची. माणसाची अडचण बघून मेडल द्यायचं, अशी तिची रीत. घसा दुखणाऱ्याचा संत वेगळा, वस्तू हरवणाऱ्याचा वेगळा. आमच्या चाळीतल्या एका रिक्षावाल्याला तिने खांद्यावर मूल घेऊन नदी ओलांडणारा संत दिला होता. त्याने तो सप्तशृंगीच्या फोटोशेजारी आरशाला टांगला होता आणि कोणी विचारलं तर "डबल सेफ्टी" म्हणायचा.

एके दिवशी आई फॉलच्या साड्यांसोबत असंच एक मेडल घेऊन आली. त्यावर एक बाई बसलेली, तिच्या गुडघ्याशी एक मुलगी उभी, आणि दोघींच्या मधे उघडं पुस्तक.

मला राग आला. त्या वर्षी मला सगळ्यांचाच राग यायचा. काकांचा, शेठचा, वडिलांच्या त्या बोटांचाही. पण हा राग वेगळा होता. आमची परिस्थिती आता चाळीच्या पलीकडे, परधर्माच्या बाईपर्यंत पोहोचली, असं मला वाटलं. मी मेडल उचललं आणि तडक मावशीच्या दारात गेले.

"मावशी, हे तुमचं. आम्हाला नको."

तिच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या एकेक काढून तिने उशीला टोचल्या. "का गो? चावलं?"

"आम्ही हिंदू आहोत."

"मग मी कुठे म्हटलं तुम्ही रशियन आहात?"

"आम्हाला कोणाची दया नको."

"दया करायला माझ्याकडे काय आहे, बाय? हे बघ, ही आई. ही तिची लेक. आई लेकीला वाचायला शिकवते. आमच्याकडे शिवणकाम करणाऱ्या बायांची आणि आयांची हीच राखण करते. तुझ्या आईने मला विचारलं, पोरीला कॉलेजात घालायचंय, काय करू? माझ्याकडे उत्तर नव्हतं. हे होतं, ते दिलं. तुला दिलेलं नाही. तिने परत आणलं तर घेईन."

आईने परत नेलं नाही. आधी तिने ते काळ्या दोऱ्यात वेगळं घातलं. पण धागे कापताना तो दोरा साडीच्या धाग्यांत गुंतायचा, एकदा तर कटरने तुटलाच. तेव्हा तिने ते मेडल सरळ आपल्या मंगळसूत्राच्या पोतीत ओवून टाकलं. पदराआड असायचं, कोणाचं लक्ष जायचं नाही. काकांचं मात्र गेलं. दोनदा वडिलांवर ओरडून गेले, "ते किरिस्तावचं काढा, भाऊबंदकीत समजलं तं मन्या पोरी घरात राहतीन." त्यांना दोन मुली होत्या, दोघी लग्नाच्या. आईने ऐकून घेतलं आणि पदर पुढे ओढला.

बारावी मी पास झाले. कॉलेजचा फॉर्म आणला. त्यावर पालकाची सही हवी होती. वडील म्हणाले, "भाऊले इचारस." भावाला विचारल्याशिवाय ते केस कापायलाही जात नसत. काकांनी फॉर्म हातातसुद्धा घेतला नाही. म्हणाले, "बारावी झाली, भरपूर झालं. अजून शिकनी तं तिले तिन्यापेक्षा शिकेल नवरा लागी. तो काय मी लूमवर विणू?" आणि पुढच्याच रविवारी त्यांनी बघायला पाहुणे आणले. मुलगा सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका कारखान्यात कामाला. जमलं तर आठ दिवसांत सुपारी, आणि फॉर्म भरायची मुदत तेवढीच. मला नाही म्हणायची सोय नव्हती. रूम काकांची होती.

पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील, मामा आणि गावाहून आलेली आजी. आजी सगळ्यांत तल्लख. आल्याआल्या तिने छपरापासून मोरीपर्यंत नजर फिरवली. आई पोह्यांची बशी ठेवायला वाकली आणि पोत पदरातून बाहेर लोंबली. आजीने ते मेडल दोन बोटांत पकडलं.

"हाऊ कोना टाक शे वं?"

इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. पहिली बायको वारली आणि नवऱ्याने दुसरी केली, तर दुसरी आपल्या गळ्यात पहिलीचा टाक घालते. चांदीच्या लहानशा पत्र्यावर उठवलेली तिची मूर्ती. सवत जिवंत असो की मेलेली, मान द्यावा लागतो. नाही दिला तर ती छळते, असं म्हणतात. म्हणजे गळ्यात पोतीबरोबर बाईचा टाक दिसला, की ही दुसरेपणाची, हे आमच्या बायकांना कोणी सांगावं लागत नाही.

आई आजीच्या समोर तशीच वाकून उभी होती, मान आजीच्या हातात अडकलेली. तिने शांतपणे सांगितलं, "मायलेकी शेतस."

"पोर बी?"

"हा. माय पोरले शिकाडी राहिनी."

आजीने टाक चटका बसल्यासारखा सोडला. समोरची पोह्यांची बशी दूर सारली. "पोर बी गई का मंग?"

आईने पोत आत सारली. पदर सारखा केला आणि पाणी आणायला मोरीकडे वळली.

आजी काकांकडे फिरली. "मुकादम, तुम्ही तं सांगेल व्हतं, पहिलंच घर शे."

"आजी, देवाशप्पथ! मना भाऊनं एकच लगीन व्हयेल शे!"

"मंग टाक कोना?"

काकांनी तोंड उघडलं. मी त्यांच्याकडेच बघत होते. ते मेडल कोणाचं, हे त्यांना पक्कं माहीत होतं. पण हा टाक नाही, ख्रिस्ती देवाचं मेडल आहे, असं म्हणावं, तर मुकादमाच्या घरातली सून बाटली ही बातमी संध्याकाळच्या गाडीने धुळ्याला पोहोचणार, आणि त्यांच्या दोन्ही मुली घरात राहणार. न म्हणावं, तर धाकट्या भावाची बायको दुसरेपणाची, आणि पहिली आपल्या लेकीसकट मेलेली. तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मग मिटलं.

आजी उठली. "मरेल सवतनी पोर ह्या पोरले सुखानं नांदू देवाव नही," एवढं बोलून ती चपला शोधायला लागली. मामा उठला, मुलाचे वडील उठले. मुलगा मात्र बशीतले पोहे संपवून उठला. त्याच्याबद्दल माझं मत तेवढं वाईट नाही.

पाहुणे गल्लीच्या तोंडाशी जाईपर्यंत काकांनी दम धरला. मग सुटले. आमच्यात जेठ, म्हणजे थोरला दीर, धाकट्या भावजयीशी थेट बोलत नाही, म्हणून त्यांना वडिलांवर ओरडावं लागत होतं.

"इचार तिले! तोंड का उघाडं नही तिनी?"

वडील आईकडे बघून म्हणाले, "ऐकलं ना?"

आई भिंतीकडे तोंड करून वडिलांना म्हणाली, "त्यास्ले सांगा, त्यास्नं तोंड तं उघडंच व्हतं."

आयुष्यात पहिल्यांदा मी वडिलांना हसू दाबताना बघितलं. काकांनीही बघितलं. ते दारात उभे राहिले आणि म्हणाले, "आजपाईन ह्या पोरनं तुम्हीच दखा. मी ह्या घरना भानगडमा नही."

त्यांना वाटलं, आपण शिक्षा देतोय.

दुसऱ्या दिवशी वडिलांनी डाव्या हाताने फॉर्मवर सही केली. चार अक्षरांना पाच मिनिटं लागली. मी आईला विचारलं, "तू मुद्दाम गप्प राहिलीस ना?" ती म्हणाली, "मी काय खोटं बोलनू? कोण शे इचारं, सांगी दिधं. मायलेकीच शेतस ना त्या?"

पण फुकट काही मिळत नाही. चार दिवसांत नळावर आईचं नाव 'दुसरेपणाची' पडलं. ज्या बायकांनी माझ्या जन्माच्या वेळी तिचे पाय दाबले होते, त्याच आता विचारायच्या, "पहिलीचं नाव काय होतं गं? तुला स्वप्नात येते का?" पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे घरातल्या मेलेल्यांसाठी घागर भरतात. शेजारीण दारात येऊन उभी राहिली. "सवतीची घागर भरली का? नाही, आठवण केली आपली." मी उठलेच होते तिच्या झिंज्या धरायला. आईने मला खाली बसवलं आणि एक जास्तीची घागर भरली, वर खरबूज ठेवलं, रव्याची गोड सांजोरी ठेवली. जन्मालाच न आलेल्या बाईसाठी! मी म्हणाले, "लाज नाही वाटत तुला?" ती म्हणाली, "तू कॉलेजात जास ना? मंग गप बैस."

मावशीच्या कानावर हे गेलं तेव्हा मात्र मला खरंच वाईट वाटलं. आई फॉलच्या साड्या घेऊन गेली, मी सोबत होते. मावशीने साड्या हातात घेतल्या नाहीत.

"आमच्या संतिणीला तू तुझ्या नवऱ्याची मेलेली बायको केलीस?"

आई म्हणाली, "मी नाही केलं. लोकांनी केलं."

"आणि तू करू दिलंस. मी विश्वासाने दिलेली वस्तू आहे ती. दे परत."

"दिलेलं परत मागतात का?" आईने पोत मुठीत धरली. "तुम्हीच सांगितलं, ती आयांची राखण करते. तिने केली. आता का रागावता?"

मावशीने हातातली सुई उशीला टोचली. मग साड्या ओढून घेतल्या आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "ही नापास झाली तर मी ते मेडल स्वतः येऊन काढून नेईन." त्यानंतर कितीतरी महिने ती आईशी कामापुरतंच बोलायची. तिने माफ केलं की नाही, मला माहीत नाही. मी तिच्या जागी असते तर केलं नसतं.

चाळीलाही मी माफ केलेलं नाही. तीन वर्षांनी निकाल लागल्यावर त्याच बायका पेढे खायला आल्या, काका सगळ्यांत पुढे. "आमनी पोर," म्हणाले. मी पेढा दिला, नमस्कार केला नाही. आईच्या गळ्यात तेव्हाही ते मेडल होतं. त्यावरच्या मायलेकी झिजून गेल्या होत्या आणि पुस्तकाच्या जागी नुसता उंचवटा राहिला होता.

निकाल असा होता: बी.कॉम., दुसरा वर्ग, एकाही वर्षी नापास न होता. आमच्या घराण्यात माझ्याआधी पदवी कोणीच घेतली नव्हती, बाईने नाही आणि पुरुषानेही नाही. मी घेतली.