ड्रॅगनचे नऊ टक्के

कूलरला वाळ्याची नवी ताटी बसवली की तिच्या पहिल्या ओल्या वासाबरोबर मला सात वर्षांपूर्वीची मे महिन्यातली एक दुपार आठवते. मुलगी रोज साडेतीन तास जादूच्या दुनियेतला एक ऑनलाइन गेम खेळायची. यात मिळतं काय, हे कोडं मला सुटत नव्हतं, आणि आता इंटरनेट बंद, असं सांगायलाच मी वैशाली नगरच्या आमच्या घरातल्या तिच्या खोलीत गेलो होतो. तेवढ्यात धुळीची आंधी सुटली. वाळत घातलेले कपडे काढायला बायकोने गच्चीवरून मुलीला हाक मारली, तशी तिने आपला हेडफोन माझ्या डोक्यावर चढवला. “बाबा, मी आमच्या टीमची वैद्य आहे. हे चार पट्टे म्हणजे चौघांचा जीव. कोणाचा पन्नासच्या खाली गेला की त्याच्यावर क्लिक करून हे बटण दाब. मतलब, नुसता बघत नको बसूस!” आणि ती पळाली. समोर ड्रॅगन आग ओकत होता, पण माझं लक्ष आकड्यांवर होतं. अठ्ठेचाळीस, दाबलं. एक्केचाळीस, दाबलं. कानात कोणीतरी ओरडलं, “हीलर, सो गई क्या?” मी म्हणालो, “दे रहा हूँ, बेटा.” मग तोच आवाज आला, “अंकलजी, आप जो भी हो, जाना मत!” कपड्यांचा ढीग घेऊन मुलगी परतली तेव्हा ड्रॅगनच्या जीवाचे नऊ टक्के उरले होते. “दे इकडे,” ती म्हणाली. “थांब जरा,” मी म्हणालो. इंटरनेटचं बोलणं राहूनच गेलं. त्या चौघांचे चेहरे मी कधी पाहिले नाहीत, पण सव्वीस वर्षांच्या नोकरीत ‘जाऊ नका’ असं मला दुसऱ्या कोणी म्हटल्याचं आठवत नाही.